खिडकीतलं खारं पाणी

रेन्स्केनं एकसष्टाव्या वर्षी लग्न केलं आणि ती ड्रेंथला निघून गेली, तेव्हा हार्लिंगनमधल्या त्यांच्या गल्लीची हिवाळाभराच्या गप्पांची सोय झाली. नवरा रूलॉफ, निवृत्त शाळामास्तर. सायकलवरून फिरायला गेली असताना रेन्स्केच्या सायकलची साखळी निसटली आणि ती यानं बसवून दिली, एवढीच काय ती प्रेमकहाणी. "साखळी बसवून द्यायला दहा मिनिटं लागली, हात धुऊन निघायला चार महिने," असं हिंके सगळ्यांना सांगायची. लोक हसले की तीही हसायची.

हिंके बाउमा ही थोरली बहीण. चौसष्ट पूर्ण. दोघी जन्मापासून त्याच घरात राहिलेल्या. आधी आईवडिलांबरोबर, मग आईबरोबर, मग दोघीच. रेन्स्के वाचनालयात कामाला होती आणि हिंके बंदरावर, बेटांवर जाणाऱ्या बोटीच्या तिकीटखिडकीत. अडतीस वर्षं तिनं काचेपलीकडच्या माणसांना एकच गोष्ट सांगितली होती: ही बोट गेली, पुढची पावणेतीनला, तिकडे बाकावर बसा. संध्याकाळी दोघी पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीशी आपापल्या खुर्चीत बसायच्या. पडदे अर्थातच उघडे. पडदे ओढून बसणाऱ्यांच्या घरात काहीतरी लपवण्यासारखं असतं, असं आईचं मत होतं, आणि आई जाऊन अकरा वर्षं झाली तरी पडद्यांना ते माहीत होतं.

रेन्स्केनं जाताना आपली खुर्ची नेली. यात काही चूक नव्हती, खुर्ची तिचीच होती. पण गालिच्यावर चार खड्डे राहिले, आणि खिडकीत एक खुर्ची. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण बघायचा आणि मान जरा जास्तच प्रेमानं हलवायचा. हिंकेला ती मान सहन होईना. तिनं त्या जागी एक नेचा आणून ठेवला. नेचा नेच्यासारखाच दिसला. मग शिवणाचं टेबल ठेवून पाहिलं, तेव्हा समोरच्या झैल्स्त्राबाईंनी रस्ता ओलांडून येऊन विचारलं, "अगं हिंके, आता शिवणकाम घेणार की काय तू लोकांचं? इतकी वेळ आली?"

असंच जानेवारीत ती जुन्या खाटकाच्या दुकानावरून चालली होती. दुकान आता खाटकाचं नव्हतं. आत पांढऱ्या फरशा तशाच, छताला मांस टांगायचे आकडे तसेच, पण काउंटरच्या जागी निळ्या उजेडात पाण्याच्या पेट्या होत्या, आणि एका पेटीत दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे, एकमेकांना खेटून, जागच्या जागी डुलत होते. दोघं एकाच दिशेला तोंड करून बाहेर बघत होते. हिंके थंडीत बराच वेळ उभी राहिली आणि मग आत गेली.

दुकानदार दांतुमा हा उंच, वाकलेला, कुणाशी बोलण्याची हौस नसलेला माणूस. तिनं लहानातली लहान पेटी मागितली आणि ते दोन मासे मागितले.

"पेटी आज मिळेल," तो म्हणाला. "मासे नाही."

"विकलेत का ते?"

"नाही."

"मग?"

"पाणी तयार नाही तुमचं, बाउमाबाई."

"पाणी अजून भरलंच नाहीये मी!"

"तेच म्हणतोय."

मग त्यानं नाइलाज झाल्यासारखं समजावलं. मीठ घातलं म्हणजे समुद्र होत नाही. पाण्यात आधी दगड ठेवायचे, समुद्रातून आलेले, जिवंत. त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. माशांच्या अंगातून निघणारं विष तेच पचवतात. त्यांची वस्ती वाढायला वेळ लागतो. सहा आठवडे, आठ, कधी दहा. तोवर पेटीत मासा टाकणं म्हणजे त्याला विषात टाकणं. दर शुक्रवारी बरणीत थोडं पाणी आणायचं, तो त्यात औषधाचे थेंब टाकून बघणार. गुलाबी झालं की घरी परत. रंग आला नाही की मासे.

"आणि पेटी खिडकीत ठेवू नका," तो म्हणाला. "उन्हानं शेवाळ माजतं."

हिंकेनं मान हलवली. पेटी खिडकीतच जाणार होती, नाहीतर घ्यायची कशाला.

तिनं मनात हिशेब केला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर तिच्या पासष्टाव्या वाढदिवसाला, मार्चच्या अठ्ठावीस तारखेला, सात आठवडे होत होते. त्या दिवशी रेन्स्के आणि रूलॉफ येणार होते, लग्नानंतर पहिल्यांदा. रेन्स्के दारातून आत येईल, सवयीनं खिडकीकडे बघेल, आणि तिथं खड्डे दिसणार नाहीत. दोन मासे दिसतील. मग तिच्या चेहऱ्यावर तो भाव येणार नाही, जो दर रविवारी फोनवरूनसुद्धा दिसतो. घरोघरी असतं तसं संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर, जिथं आईच्या शाईतली निम्मी नावं आता मेलेल्या माणसांची होती, तिनं स्वतःच्या नावाखाली पेन्सिलीनं बारीक लिहिलं: मासे.

शुद्ध पाण्याचे डबे सायकलला अडकवून तिनं चार खेपा केल्या. झैल्स्त्राबाईंनी दोन खेपा बघितल्या आणि तिसरीला राहवलं नाही.

"पिशवीत काय आहे?"

"मीठ."

"कशाचं?"

"समुद्राचं."

झैल्स्त्राबाईंनी रस्त्याच्या टोकाकडे बघितलं. तिथं बांध होता आणि बांधापलीकडे, क्षितिजापर्यंत, करड्या रंगाचा समुद्र पडलेला होता. "तो फुकट आहे, ठाऊक आहे ना तुला?"

"त्यात चिखल आहे."

"आपण सगळे त्यातच लहानाचे मोठे झालो, बाई. आपल्याला नाही काही झालं."

पहिले दोन आठवडे पेटीत नुसते दगड होते. संध्याकाळी दिवा लावला की रस्त्यावरून ती पेटी मोठी रुबाबदार दिसायची, आणि लोक थांबून मासे शोधायचे. आधी डावीकडून, मग वाकून, मग दगडांच्या मागे. मग हिंकेकडे बघायचे. ती खुर्चीत ताठ बसून हात वर करायची, म्हणजे अजून नाहीत. अडतीस वर्षं दुसऱ्यांना थांबायला सांगणं आणि स्वतः थांबणं या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत, हे तिला या वयात कळत होतं.

शुक्रवारी दांतुमा बरणी उजेडात धरायचा, नळीत पाणी घ्यायचा, थेंब टाकायचा, आणि दोघं आकड्यांखाली उभे राहून रंग चढायची वाट बघायचे. गुलाबी. पुढच्या शुक्रवारी जास्त गुलाबी. "छान," तो म्हणायचा. बिघडत चाललेल्या गोष्टीला छान म्हणणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता. त्या पाच मिनिटांसाठी ती गुरुवारी केस धुवायला लागली होती, आणि हे तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मोठ्या दगडाच्या बगलेत काहीतरी हललं.

ती चष्मा घेऊन आली. दगडाला चिकटलेली एक बारीक नळी होती, काडीएवढी, आणि तिच्या तोंडातून पिसांचा इवलासा तुरा बाहेर आला होता, तांबूस-पांढरा. हिंके पुढे झाली, तिची सावली काचेवर पडली, आणि तुरा क्षणात आत. ती वीस मिनिटं बसून राहिली. मग तुरा इंच इंच म्हणता येणार नाही इतक्या हळू बाहेर आला.

"दगडाबरोबर आला असेल," दांतुमा म्हणाला. "किडा आहे, निरुपद्रवी. कधीकधी येतात."

"भाडं न देता राहतोय," हिंके म्हणाली. तेव्हापासून तो भाडेकरू झाला. सकाळी दहाच्या कॉफीला ती आता पेटीकडे बाजूनं यायची, भिंतीच्या कडेनं, पाऊल न वाजवता, सावली मागे ठेवून. तुरा बाहेर असला की कप हातात घेऊन उभ्या उभ्याच प्यायची. एक बिस्कीट, मग डब्याचं झाकण. झाकण वाजवायचं नाही. रविवारी फोनवर रेन्स्केनं विचारलं, "तू इतकं हळू का बोलतेस?" तेव्हा तिनं सांगितलं, घसा बसलाय. मासे येणार हे तिनं सांगून टाकलं होतं, भाडेकरूचं नाही.

पाचव्या आठवड्यात ऊन वाढलं आणि पेटी तपकिरी पडली. आधी वाळूवर डाग, मग दगडांवर, मग काचेवर, जुन्या चहाच्या भांड्यासारखा थर. दांतुमा खूश झाला. "हे होतंच. येतं आणि जातं. खिडकीत ठेवलीत म्हणून तुमच्याकडे जरा जास्त आहे. हात लावू नका."

"पण दिसतं किती घाण!"

"कुणाला?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते गल्लीभर पसरलेलं होतं. लोक आता थांबत नव्हते. नजर वळवून पुढे जायचे, उघड्या न्हाणीघरावरून जावं तसे. झैल्स्त्राबाई तर आत येऊनच म्हणाल्या, "अगं, कुणीतरी बोलायला हवं म्हणून बोलते. तुझ्या त्या पेटीत काहीतरी कुजलंय. तुमची आई असती तर..." आणि वाक्य तिथंच ठेवून निघून गेल्या. वाक्य मात्र खोलीत राहिलं.

सातव्या आठवड्यातला शुक्रवार मात्र फिका निघाला. नळीत जेमतेम गुलाबीची छटा. "पुढच्या शुक्रवारी असंच राहिलं, की मासे," दांतुमा म्हणाला. पुढचा शुक्रवार म्हणजे सत्तावीस मार्च. हिंके सायकल हातात धरून चालत घरी आली. चढून बसायचं तिला सुचलंच नाही.

आणि गुरुवारी तिनं वाढदिवसाची सफाई काढली. पाहुणे येणार म्हणजे घर घासायचं, हा त्या घरात नियमही नव्हता, तो श्वास होता. सकाळी तिनं खिडक्या धुतल्या, बाहेरून आणि आतून. दाराची चौकट पुसली. मग उंबऱ्याची पायरी. बादलीत आईच्याच प्रकारचा हिरवा साबण होता, ऊन पाणी होतं, हातात ब्रश होता. धुतलेल्या काचेशेजारी ती तपकिरी पेटी अशी दिसत होती, की जणू सगळं घर स्वच्छ करून कुणी मधोमध चिखलाचे बूट ठेवलेत. हिंकेनं बाही वर केली. नुसती काच पुसू, असं तिनं ठरवलं. काच पुसल्यावर दगड दिसायला लागले. एक दगड काढून बघितला. ब्रशखाली तो किती सुंदर पांढरा निघत होता! मग दुसरा. नळाच्या गरम पाण्याखाली, साबण लावून, फटीफटीतून, आई दाखवायची तसं गोल गोल. हात आपोआप चालले होते, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच डोक्यात काही नव्हतं.

सगळे दगड पुन्हा लावून, वाळू निवळल्यावर, ती दोन पावलं मागे झाली. पेटी झळाळत होती. सवयीनं ती भिंतीच्या कडेकडेनं, सावली सांभाळत पुढे गेली आणि मोठ्या दगडाच्या बगलेकडे बघितलं.

तिथं काही नव्हतं. दगड गुळगुळीत होता.

ती स्वयंपाकघरात गेली. ब्रश धुऊन उलटा ठेवलेला होता. त्याच्या केसांत बघण्याचं धाडस तिला झालं नाही.

शुक्रवारी ती बरणी घेऊन गेली, कारण शुक्रवार होता. दांतुमानं झाकण काढलं आणि थेंबांच्या बाटलीला हातच लावला नाही. त्यानं बरणी नाकाशी नेली.

"हिरवा साबण," तो म्हणाला.

हिंकेनं हात कोटाच्या खिशात घातले.

"दगडसुद्धा?"

तिनं मान हलवली.

"आणि तो तुमचा भाडेकरू?"

तिनं वर आकड्यांकडे बघितलं. बघायला दुसरं काही नव्हतं. दांतुमानं बरणीचं झाकण लावलं, फिरवून फिरवून, गरजेपेक्षा जास्त घट्ट. "पहिल्यापासून," तो म्हणाला. "पाणी, वाळू, सगळं नवीन. दोन दगड मी माझ्या पेटीतले देतो."

"उद्या वाढदिवस आहे माझा."

"अभिनंदन."

"पाहुणे येणार आहेत."

त्यानं बरणी तिच्याकडे सरकवली. "महामार्गावरच्या रोपवाटिकेत मासे ठेवतात," तो म्हणाला. "काही विचारणार नाहीत, पिशवीत घालून देतील. उद्यापुरते पोहतीलही. मंगळवारपर्यंत पोहतील."

तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता, म्हणून तर ती बसनं गेली. रोपवाटिकेत प्रिम्युलाची रोपं, कोंबड्यांचं खाद्य आणि बागेत मांडायचे मातीचे बुटके ओलांडून मागे पेट्यांची रांग होती. तसेच दोन मासे होते, नारिंगी, पट्ट्यांचे, खेटून. भाडेकरूसारखं मिटायचं त्यांना ठाऊकच नव्हतं. ती अगदी काचेपर्यंत गेली तरी दोघं तिच्याकडेच बघत राहिले. हिरवा एप्रन घातलेली बाई जाळी घेऊन आली आणि म्हणाली, "दोन्ही देऊ?"

दोन्ही. रेन्स्केच्या डोळ्यांपुढे एक दिवस पोहायला दोन्ही. हिंकेच्या नखांत अजून साबणाचा वास होता.

"नको," ती म्हणाली. "मी नुसती बघत होते." आणि रिकाम्या हातानं जाणं बरं दिसेना म्हणून तिनं एक प्रिम्युला घेतला.

शनिवारी अकराला सगळे आले. खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या, आतल्या, स्वयंपाकघरातल्या, झैल्स्त्राबाईंकडून आणलेल्या दोन. रिवाजाप्रमाणे प्रत्येकानं प्रत्येकाशी हात मिळवून अभिनंदन केलं, हिंकेचं, रेन्स्केचं बहीण म्हणून, रूलॉफचं मेहुणा म्हणून, झैल्स्त्राबाईंचं शेजारीण म्हणून. गुलाबी साखरेच्या थराचा संत्र्याचा केक फिरला. आणि सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या.

"अरे वा!" झैल्स्त्राबाई म्हणाल्या. "आता कशी माणसाच्या घरातली वाटते!"

"केवढं निर्मळ पाणी," रूलॉफ म्हणाला. तो भला माणूस होता, हीच त्याची अडचण होती. "आरशासारखं."

"आणि दगड बघा, संगमरवर जणू," आणखी कुणीतरी म्हणालं.

हिंके कॉफी ओतत राहिली. पेटी उन्हात चमकत होती, आणि ती पूर्ण मेलेली आहे हे त्या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं.

 रेन्स्के मात्र कपबशा घेऊन हिंकेच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं. "मासे कुठायत गं?"

"नाहीत."

"फोनवर तर म्हणालीस..."

"घासली मी ती. साबणानं. मासे यायच्या एक दिवस आधी."

"कुठल्या साबणानं?"

"कुठल्या म्हणजे काय, रेन्स्के! या घरात साबण किती प्रकारचे आहेत?"

रेन्स्केला हसू फुटलं. हिंकेलाही फुटलं, आणि मध्येच कुठंतरी त्याचा आवाज बदलला. तिनं ओट्याला धरलं. "त्यात एक होता," ती म्हणाली. "किडा होता साधा. माझी सावली पडली की आत जायचा. मी... आता तो नाहीये."

रेन्स्केनं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या घरात असं कुणी करत नसे, त्यामुळे दोघींना क्षणभर अवघडल्यासारखं झालं.

"माझ्या खुर्चीच्या जागी ठेवलीस ना ती?"

"जागा होती."

"मी तिकडे ती खुर्ची अजून कुठंच ठेवलेली नाही," रेन्स्के म्हणाली. "बोळात उभी आहे. रूलॉफ तिला वळसा घालून जातो, बोलत नाही काही. सकाळी चमचा शोधायला मी अजून तीन खण उघडते."

"सहा महिने झाले!"

"हो ना."

बाहेरून झैल्स्त्राबाईंचा आवाज आला, "पोरींनो, कॉफी उगवायला गेलात का?" आणि दोघी डोळे पुसून बाहेर गेल्या.

चार अठ्ठावीसची गाडी होती. हिंके स्टेशनपर्यंत गेली नाही; दारात उभी राहून हात हलवला, ते वळणावर दिसेनासे होईतो. मग खुर्च्या परत केल्या, कप धुतले, आणि बादली आणून पेटी उपसायला घेतली. साबणाचं पाणी मोरीत गेलं, वाळू पिशवीत. पेटी हलकी झाल्यावर तिनं ती उचलून आतल्या खोलीत, रस्त्यावरून न दिसणाऱ्या भिंतीशी नेऊन ठेवली. खिडकीतल्या गालिच्यावर स्टँडच्या ठशांखाली खुर्चीचे चार खड्डे अजून तसेच होते. प्रिम्युला तिथं ठेवावा असं तिच्या मनात आलं. तिनं तो स्वयंपाकघरात ठेवला. संडासातल्या कॅलेंडरवरचं 'मासे' खोडरबरानं पुसलं. नवी तारीख टाकली नाही. सोमवारी तिनं दांतुमाकडचे दोन दगड आणले आणि पेटी नव्या पाण्यानं भरली.

मंगळवारी झैल्स्त्राबाईंनी रस्त्यातच गाठलं. "पेटी कुठाय गं? दिसत नाही."

"आत आहे."

"आता तरी काय आहे तिच्यात?"

"पाणी," हिंके म्हणाली. "आणि दगड."

"परत? अगं, किती दिवस?"

"सहा आठवडे. आठ. कधी दहा लागतात."

"मला नसतं जमलं," झैल्स्त्राबाई म्हणाल्या आणि प्रेमानं मान हलवली. ती मान हिंकेनं या वेळी हलू दिली.

शुक्रवारी दांतुमानं नळी उजेडात धरली. गुलाबी. "छान," तो म्हणाला. तिनं बरणी पिशवीत घातली. त्यानं दार उघडून धरलं, असं तो कुणासाठी करत नसे.

घरी कुणी नव्हतं. दहाची कॉफी राहून गेली होती, ती तिनं साडेअकराला केली. कप घेऊन ती आतल्या खोलीकडे निघाली, आणि उंबऱ्याशी आल्यावर पावलं आपोआप हळू झाली. ती भिंतीच्या कडेकडेनं, सावली मागे ठेवून पेटीपाशी गेली, आणि उभी राहिली.